रुंद वाटेवरची माणसं

मास्तरांची जीभ बघून आज कुठलं चित्र चाललं आहे ते पोरं ओळखायची. ब्रशाचं टोक ते तोंडात घालून ओलं करत आणि मग दिवसभर तीच रंगलेली जीभ घेऊन हजेरी घेत, पाढे म्हणवून घेत, प्रार्थना सांगत. निळी जीभ म्हणजे आकाश. पिवळी असली तर स्वर्गाच्या खिडक्या चालल्या आहेत. लाल दिसली की मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना ढोसून सांगायची, आज नरक काढलाय. मी त्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी एक उंच, वाळका गृहस्थ काळी जीभ घेऊन माझ्याशी बोलायला आला, आणि मला वाटलं ह्यांना काहीतरी भयंकर दुखणं आहे. ती काजळी होती. कंदिलाचं चित्र चाललं होतं.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या रस्त्याला मिशनची ती शाळा होती. दोन खोल्या आणि एक पडवी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लहान वर्ग माझ्याकडे, मोठे वर्ग मास्तरांकडे, आणि शास्त्राचा तास, म्हणजे आमच्या धर्माचा तास, सगळ्या शाळेला मिळून मास्तरच घेत. मी बेळगावची, ट्रेनिंग झालेली, तोऱ्यात होते. मास्तर ट्रेनिंगबिनिंग काही झालेले नव्हते. मुलांना गप्प कसं बसवायचं हे मला पुस्तकातून शिकवलेलं होतं, आणि इथे तर मास्तरच बसत नव्हते.

कधीच बसत नसत. शाळेत एकच खुर्ची होती, तिच्यावर रंगाच्या वाट्या मांडलेल्या असत. भाकरी ते दारात उभ्यानं खात. शिकवायचे ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत. गोष्ट खिडकीशी सुरू झाली तर ऐन रंगात येईपर्यंत मास्तर पडवीत पोचलेले असत, आणि शेवट मुलांना बाहेरून ऐकू येई. मी एकदा चिडून म्हटलं, "मास्तर, घटकाभर बसलात तर काय होईल?"

"बसायला पुढं थडगं हाय की," ते म्हणाले आणि चालत राहिले.

दुसरी त्यांची खोड म्हणजे "पुढं?" कुणी काही सांगायला लागलं की अर्ध्यावर त्यांचं "पुढं?" यायचं. माझ्या आईला हिवताप झाल्याचा निरोप आला, मी रडवेली होऊन सांगत होते, तर म्हणाले, "पुढं?" मी त्यांच्यावर फाडकन ओरडले. ते गोंधळून उभे राहिले. संध्याकाळी सर्व्हिस मोटारच्या ड्रायव्हरला सांगून त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती आणि बरोबर द्यायला काढ्याची पुडीही आणली होती. त्यांचं ऐकणं तसं होतं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं त्यांना जमत नसे, पण सुटत काही नसे.

मास्तर मूळचे बेळगावच्या खासबागेतले चितारी. चितारी म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर हत्ती-मोर काढणारे, पाळणे-पालख्या रंगवणारे, गणपती करणारे लोक. मास्तर सतरा-अठरा वर्षांचे असताना मिशनच्या एका शाळेची पाटी रंगवायला गेले, आणि पाटी रंगवता रंगवता आतला उपदेश ऐकत राहिले. पाटी वाळेपर्यंत त्यांचं मन ठरलं होतं. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. बोलण्यात आपण म्हणतो तशी नव्हे. खरोखरची, आडावर जाऊन, चारचौघांसमोर. मुलगा मेला, विषय संपला.

पण हात बापाचाच होता. गेरू, नीळ, काजळी, हरताळ, सगळे रंग मास्तर घरच्या रीतीनं घोटत आणि डिंकात कालवत. बेंदराच्या आदल्या दिवशी तर शाळेच्या पडवीत बैलांची रांग लागायची. मास्तरांनी शिंगं रंगवली म्हणजे वर्षभर बैल ऐटीत चालतो, असा भोवतालच्या शेतकऱ्यांचा समज होता. हिंदूंच्या सणात ख्रिस्ती मास्तरानं हात घालावा हे मिशनच्या लोकांना फारसं रुचत नसे. कुणी विचारलं तर मास्तर शांतपणे म्हणत, "बैलानं अजून धर्म घेतला न्हाय."

आता त्या पुस्तकाविषयी सांगते. शास्त्राच्या तासासाठी मिशनच्या मुख्य मडमबाईंनी विलायतेहून छापील चित्रांचं एक पुस्तक आणून दिलं होतं. पाप म्हणजे काय, मोह कसा येतो, चांगला माणूस शेवटी कुठे पोचतो, हे सगळं चित्रांतून दाखवलेलं. सुंदर पुस्तक होतं. पण त्यात सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, सगळीकडे बर्फ, आणि स्वर्ग म्हणजे खांबांचा मोठा पांढरा बंगला. आमची पोरं ते चित्र नीट बघत आणि विचारत, "मास्तर, ही सगळी कलेक्टरसायबाकडं कशाला चालल्यात?" पुढे तो तास माझ्याकडे आला आणि बरीच वर्षं मी तो त्याच छापील पुस्तकावरून घेतला. मलाही त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

मास्तरांनी ते पुस्तक कपाटात आदरानं ठेवून दिलं आणि स्वतःचं करायला घेतलं. जाड कागद, वर गोणपाटाचं पुठ्ठं, हाताएवढी लांब पानं. पहिलं चित्र कंदिलाचं. माणसाचं मन म्हणजे कंदील, आतली ज्योत देवाची, आणि आपण खोटं बोललो, चोरी केली, कुणाला शिवी दिली की काचेवर काजळी धरते. ज्योत तेवढीच असते, बाहेर उजेड मात्र पडत नाही. हे चित्र शिकवलं त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांतले कंदील पोरांनी घासून लख्ख केले. तंबाखूवाल्यांच्या बायका मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "बाई, तुमचा धर्म चांगला हाय की, पोरं कामाला लागली." त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात धर्म बदलायचं नव्हतं. पण मास्तरांच्या तासाला मूल पाठवायला त्यांनी कधी कां-कू केली नाही.

मास्तरांची अडचण एकच होती. न बघितलेलं त्यांना काढता येत नसे. "डोळ्यात असल्याबगर हातात येत न्हाय बाई," असं ते म्हणत. त्यामुळे रोज सकाळी वखारीची वेळ झाली की ते खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या माणसांकडे टक लावून बघत. नवख्या माणसाला ते फार विचित्र वाटे. एका कासारानं तर बांगड्यांची पेटी खाली ठेवून विचारलं, "काय मास्तर, नजर लावताय व्हय?"

"तुझ्या नाकाला बाक कुठनं पडलाय ते बघतोय," मास्तर म्हणाले. महिन्याभरानं तो कासार, नाकासकट, पुस्तकात जाऊन बसला. देवदूत काढताना मात्र त्यांचे फार हाल झाले. बघितलेला देवदूत कुठून आणायचा? शेवटी देवदूताला आमच्या गावच्या पोस्टमनचं तोंड मिळालं. ह्या माणसाला येताना बघून सगळ्यांना आनंद होतो, एवढंच त्यांचं कारण होतं.

आणि मग ते दोन वाटांचं पान. आमच्या शास्त्रात दोन वाटा सांगितल्या आहेत. एक रुंद, सोपी, तिनं पुष्कळ माणसं जातात आणि तिचा शेवट नाशात होतो. दुसरी अरुंद, कठीण, तिनं थोडीच जातात आणि तीच जीवनाकडे नेते. मास्तरांनी अरुंद वाट काढली ती डोंगरातल्या पायवाटेसारखी, करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी. रुंद वाट म्हणजे हुबेहूब आमचा वखारीचा रस्ता. तीच दुकानं, तीच सोडावॉटरची गाडी, तमाशाचा तंबू. त्या रस्त्यानं माणसांचा लोंढा चाललेला. कासार, हमाल, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, तालेवार, भिकारी, सगळे पाठमोरे किंवा एका अंगानं दिसणारे. आणि रस्त्याच्या टोकाला, जिथे खऱ्या गावात जकातनाका होता, तिथे आग. पोरं त्या पानाशी आली की वर्ग चिडीचूप व्हायचा. मला ते चित्र आवडायचं नाही. आवडायचं नाही म्हणजे त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवायचं नाही आणि बघितलं की दिवसभर काहीतरी टोचत राहायचं.

त्या लोंढ्यात सगळ्यांत पुढे, आगीच्या अगदी जवळ, लाल पटक्याचा एक म्हातारा होता. तो कोण, हे मला बेळगावात कळलं.

मिशनच्या शिक्षकांची बैठक होती म्हणून आम्ही दोघं सर्व्हिस मोटारनं बेळगावला गेलो होतो. उतरल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." पण माझ्या मावशीचं घर त्याच बाजूला, आणि मला असं कटवलेलं खपत नाही. मी त्यांच्या मागोमाग खासबागेत शिरले. एका घरासमोर रस्त्याच्या ह्या बाजूला लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली ते थांबले. समोरच्या कट्ट्यावर लाल पटक्याचा म्हातारा खलात रंग घोटत बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला होता. रंग कुठला आहे हेही त्याला दिसत नसणार, पण हात थांबत नव्हता.

मग तो थांबला. म्हाताऱ्यानं मान वर केली. "कोण हाय रं तिथं?"

 मास्तरांचा एक पाय पुढे गेला आणि परत जागेवर आला.

घरातून एक लहान मुलगी बाहेर आली, तिनं आमच्याकडे बघितलं. "कोण न्हाय आज्जा. कुणीतरी मास्तर हाईत, सावलीला थांबल्यात."

"मग बस म्हणावं की," म्हातारा म्हणाला. "उभा का?"

मुलगी आम्हाला बोलवायला रस्ता ओलांडून येऊ लागली, तेव्हा मास्तर वळले आणि चालू लागले. असे चालले की मला पळावं लागलं. बऱ्याच अंतरावर गेल्यावर म्हणाले, "आप्पा माझा. नावानं आंघोळ झालेला माणूस कट्ट्यावर बसणार कसा?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. रागच जास्त, कारण आता मला ते चित्र आठवलं. "मास्तर, तुम्ही सख्ख्या बापाला त्या वाटेवर काढलंत?"

"मग काय खोटं काढू?" ते चालता चालताच म्हणाले. "मी जे मानतो ते खरं असंल, तर आप्पा त्याच वाटेला हाय. आणि ते खरं नसंल, तर मी घर कशाला सोडलं, सांगा."

 माझा तर जन्मच ख्रिस्ती घरातला, मला काही सोडावं लागलेलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तानीचं प्रकरण झालं. तानी दुसरीतली. तिची आई वखारीत तंबाखू झाडायला जायची आणि त्या वर्षीच्या पटकीत ती गेली. मुलगी आठ-दहा दिवसांनी शाळेत आली, गप्प, नाकाशी ओढणीसारखा परकराचा घोळ धरून. एका सकाळी मास्तरांनी दोन वाटांचं पान उघडलं तर रुंद वाटेच्या मधोमध मोठा डाग. कुणीतरी थुंकी लावून बोटानं रंग पुसला होता.

मास्तरांना इतकं संतापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "कुणी केलं?" त्यांचा आवाज फाटला. "कुणी हात लावला पुस्तकाला?"

तानी उठून उभी राहिली. तिचा अंगठा अजून हिरवा होता. "माझी आई हाय ती," ती म्हणाली.

"तुझी आई न्हाय ती. चित्रातली बाई हाय."

"आईच हाय. हिरवं लुगडं हाय, अन् पाटीला माझं फडकं बांधल्यालं हाय. म्या बांधलं होतं ते." ती रडत नव्हती. "ती आगीकडं चाललीया. म्या तिला काढाय लागले हुते, पर ती निघंना."

मास्तर पानाकडे बघत उभे राहिले. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला कळलं की पोरगी खरं बोलते आहे. ते रोज खिडकीशी उभे राहत. ती बाई रोज तिथून जात असे, डोक्यावर पाटी, पाटीला पोरीनं बांधलेलं फडकं. त्यांनी ती डोळ्यांत घेतली आणि कागदावर ठेवली होती. जिवंत होती तेव्हा. त्या दिवशी शास्त्राचा तास झाला नाही. मास्तर पडवीत येरझाऱ्या घालत राहिले आणि त्यांनी कुणालाही "पुढं?" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची जीभ हिरवी होती.

मी पान उघडून बघितलं. डागावर सफेद्याचा हात फिरवून तानीची आई पुन्हा काढली होती. तेच लुगडं, तीच पाटी, तेच फडकं. पण आता तिचं तोंड आमच्याकडे होतं. त्या सगळ्या लोंढ्यात ती एकटी उलट्या दिशेनं येत होती, आगीकडे पाठ करून. तानी पुष्कळ वेळ बघत राहिली. मग जाऊन आपल्या जागेवर बसली आणि पाटीवर लिहायला लागली.

"मास्तर," मी नंतर म्हटलं, "मेलेलं माणूस वळतं असं कुठं लिहिलंय?"

"मी नुसती वळवली," ते घाईघाईनं म्हणाले. "पोचली असं कुठं म्हणतो?"

पण एकदा बांध फुटला की पाणी कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही. शाळाभर झालं. प्रत्येक पोरानं त्या रस्त्यावर आपलं मेलेलं माणूस हुडकून काढलं. कुणाचा आज्जा, कुणाची आक्का, कुणाचा प्लेगात गेलेला चुलता, जो त्या पोरानं बघितलेलाही नव्हता. "मास्तर, ह्यो आमचा. ह्याला वळवा की." खरंच ती माणसं मास्तरांनी बघितलेली होती का, देव जाणे. मास्तर विचारत, "पटका कसा बांधायचा? चालायचा कसा?" आणि पोरगं सांगेल तसा माणूस फिरवत. एका पोरानं दारुड्या बापाला वळवायला सांगितलं तर म्हणाले, "जित्या माणसानं आपला आपण वळायचं. ते माझं काम न्हाय." हा नियम त्यांनी स्वतःशीच केला होता, आणि पाळत होते. पानावर रंगाचे इतके थर चढले की ते भाकरीसारखं कडक झालं.

त्या दिवसांत ते जास्तच सैरभैर झाले. रस्त्यानं जाताना स्वतःशी बोलत. प्रार्थना सांगताना मध्येच थांबत. मी मनात त्यांना नावं ठेवत होते, की हा माणूस धर्मही धड पाळत नाही आणि सोडतही नाही. आणि अशीच नावं ठेवत असताना एके दिवशी मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी आजी, आईची आई, शेवटपर्यंत हिंदूच राहिली. मांडीवर घेऊन तिनं मला भात भरवला होता. तिच्या मरणानंतर आमच्या घरी तिच्याविषयी कुणी बोलत नसे, कारण काय बोलायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी हसत हसत, चेष्टेवारी नेल्यासारखं म्हटलं, "मास्तर, त्या कोपऱ्यातली काठीवाली म्हातारी आमच्या आजीसारखी दिसते बरं का."

मास्तर हसले नाहीत. ब्रशाचं टोक तोंडात घालत त्यांनी विचारलं, "काठी कुठल्या हातात धरायच्या?"  मी डावा हात पुढे करून दाखवला.

होता होता एकेका आकृतीवर कुणी ना कुणी आपलं मेलेलं माणूस म्हणून हक्क सांगितला, आणि रुंद वाटेवरची सगळी माणसं आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. आगीकडे जाणारा एकटा राहिला, लाल पटक्याचा म्हातारा. पोरांच्या ते लक्षात आल्यावाचून कसं राहील? तानीनंच विचारलं, "मास्तर, ह्यो कुणाचा?"

"माझा. आप्पा माझा."

"मग वळवा की त्याला."

"जिता हाय अजून," मास्तर म्हणाले. "आणि लई हट्टी हाय गं. मी वळवला तरी वळायचा न्हाय."

थंडीच्या दिवसांत मडमबाई शाळा तपासायला आल्या. त्या वाईट नव्हत्या. पोरांना खडीसाखर वाटत, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवत, मराठी शुद्ध आणि सावकाश बोलत. त्यांनी पुस्तक चाळलं, कंदिलाचं चित्र बघून मास्तरांचं कौतुक केलं. मग ते पान आलं. 

"मास्तर, ही सर्व माणसे परत येत आहेत," त्या म्हणाल्या.

"व्हय, मडमसाहेब."

"ही कोण आहेत?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. खोटं त्यांना येतच नव्हतं. मडमबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "मुलांचे दुःख मला समजते," त्या म्हणाल्या. "परंतु मरणानंतर वळता येते, असे आपण शिकवीत नाही. तसे असते तर मी आणि आपण, दोघांनी आपापली घरे कशासाठी सोडली?" नेमकं त्यांच्या वर्मावर बोट पडलं. मडमबाई पुढे म्हणाल्या, "मी कोल्हापूरला जाऊन पुढच्या सोमवारी परत येईन. तोवर हे चित्र पूर्वीसारखे करा. नाही तर पुस्तक मी घेऊन जाईन, आणि शास्त्राचा तास ह्या बाई घेतील."

ह्या बाई म्हणजे मी. मी खाली बघितलं.

आठवडाभर मास्तर हिरवा रंग कालवत आणि तसाच वाळू देत. तानी दाराशी उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत असे.  एकदा त्यांनी ब्रश तिच्या आईवर टेकवायला नेला, आणि मग खिडकीतून बाहेर झटकला. मी म्हटलं, "मास्तर, चित्रच आहे. करून टाका. नोकरी जाईल." ते म्हणाले, "चित्रच हाय म्हणून तर पंचाईत हाय." ते गेले तर तो तास माझ्या गळ्यात पडणार होता. त्या पोरांसमोर उभं राहून मी काय सांगणार होते?

शुक्रवारी खासबागेतला एक लुगडी विकणारा विणकर गठुळं घेऊन रस्त्यानं आला. तो अधूनमधून यायचा, मास्तरांना ओळखायचा. मास्तर वर्गातच होते, खिडकीशी. बाहेरून तो सहज म्हणाला, "मास्तर, तुमच्या गल्लीतलं चितारी आप्पा गेलं की. कळलं न्हाय व्हय? पंधरा दिस झालं."

 "पुढं?" मास्तर म्हणाले.

विणकर गांगरला. "पुढं काय मास्तर, धाकट्या लेकानं अग्नी दिला."

मास्तरांनी मान हलवली आणि वर्गाकडे वळून ते पाढे म्हणवून घ्यायला लागले. एकोणीसचा पाढा. पोरांनी सगळं ऐकलं होतं. पाढा संपल्यावर तानी पुढे आली आणि तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "मास्तर, आता तरी वळवा तुमच्या आप्पाला," ती म्हणाली. "आता तो जिता न्हाय."

"वळायचा न्हाय गं तो," मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मला ठावं हाय."

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर त्यांनी आतून दार लावून घेतलं. सोमवारी मडमबाई आल्या तेव्हा मास्तर नेहमीसारखे खिडकीपासून दारापर्यंत चालत होते. मडमबाईंनी पुस्तक टेबलावर घेतलं आणि स्वतःच ते पान उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. पोरं माना उंच करून बघत होती.

तानीची आई वळलेलीच होती. माझी आजी काठी टेकत आमच्याकडे येत होती. एकही माणूस परत फिरवलेला नव्हता. लाल पटक्याचा म्हातारा आगीकडे तोंड करून चालला होता, तसाच. पण त्याच्या शेजारी आता आणखी एक जण होता, उंच, वाळका, म्हाताऱ्याच्या दंडाला धरून चाललेला.

"हा कोण?" मडमबाईंनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

मडमबाईंनी पुस्तकावरून मान वर केली. "मास्तर, आपण प्रभूचे आहात. आपला बाप्तिस्मा झालेला आहे. आपण ह्या वाटेवर काय करता?"

मास्तर चालायचे थांबले.

"त्याला डोळ्यांनी दिसत न्हाय, मडमसाहेब," ते म्हणाले. "आणि त्या वाटेला खड्डे लई हाईत. मीच काढलेत."